पाठमोरा ऑर्गनवाला

आमच्या प्रिंगसेवू गावाच्या आसपास ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या लग्नात वागिमिनचा ऑर्गन वाजलेला आहे. त्यांतली काही लग्नं पुढे मोडली, पण त्याचा दोष ऑर्गनला कुणी दिला नाही. एक गाणारी, एक ऑर्गनवाला आणि ऑर्गनच्या पोटात बाकीचा सगळा वाद्यवृंद, एवढ्यावर आमच्याकडे मांडव साजरा होतो. आमच्या 'अरुम मेलाती' मंडळात एक माणूस जास्तीचा आहे, तो मी. मी आठवडाभर शाळेत इतिहास शिकवतो आणि रविवारी केंदांग वाजवतो. केंदांग म्हणजे दोन तोंडांचा ढोल. त्याच्यावर थाप मारली की आवाज होतो, आणि लगेच होतो. ह्यात काही विशेष आहे असं मला पुष्कळ वर्षं वाटलं नव्हतं.

वागिमिनचा मूळचा ऑर्गन, म्हणजे कीबोर्ड, एका नवऱ्या मुलाच्या मामांनी मारला. मामा नाचत नाचत मंचावर आले तेव्हा त्यांच्या हातात चेंदोलचा भरलेला पेला होता. गाणं संपलं तेव्हा पेला रिकामा होता. नारळाचं दूध आणि ताडगुळाचा पाक पट्ट्यांखाली उतरला. कीबोर्ड आठवडाभर चिकट सुरात बोलला, मग मधल्या सप्तकातून मुंग्या निघाल्या आणि तो गप्प झाला.

त्यानंतर वागिमिनने एक वापरलेला लॅपटॉप घेतला, त्यात संगीताचं सॉफ्टवेअर घातलं, आणि त्याला जोडायला नुसत्या पट्ट्यांची एक मुकी फळी आणली. पट्टी दाबायची फळीवर, आवाज तयार व्हायचा लॅपटॉपात आणि बाहेर पडायचा कपाटाएवढ्या स्पीकरांतून. ह्या प्रवासात थोडा वेळ जायचा. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी. पण संगीतात तेवढा वेळ म्हणजे जेवणावळीत पंगत उठल्यावर आलेला भात.

हे असं का होतं, ते वागिमिनने मला एकदा नीट समजावून दिलं. लॅपटॉपच्या आत म्हणे आवाजाला चार टेबलांवरून जावं लागतं. प्रत्येक टेबलावरचा बाबू म्हणतो, थांबा, अजून थोडे जमू देत, मग सगळ्यांवर एकदम सही करतो. आमच्या तालुक्याच्या कचेरीत ज्याने कधी दाखला काढला आहे, त्याला हे स्पष्टीकरण पटायला अडचण येत नाही.

दुसऱ्या कुणी लॅपटॉप विकला असता. वागिमिनने स्वतःला बदललं. आवाज उशिरा येणार असेल, तर आपण आधी दाबायचं, असा त्याने साधा विचार केला आणि काही वर्षांत तो हाताला असा काही लावून घेतला की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. त्याची बोटं सतत ठेक्याच्या किंचित पुढे चालायची आणि आवाज मागून येऊन बरोबर ठेक्यावर उभा राहायचा.

हे फक्त बोटांपुरतं राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण माणूस आतून एकच असतो. केंदुरीच्या सामुदायिक जेवणाला मशिदीतले मोदिन सुकेमी दुआ म्हणायला लागले की वागिमिनचं 'आमीन' त्यांचं वाक्य संपायच्या आत यायचं. मोदिन उरलेलं वाक्य त्याच्याकडे बघत पुरं करायचे. त्याची बायको सांगते, "मला अजून राग यायचा असतो, तेवढ्यात हे 'चुकलं माझं' म्हणून मोकळे. मग नाइलाजाने रागवावं लागतं."

आधी दाबायचं, तर पुढे काय होणार ते आधी कळायला हवं. म्हणून वागिमिन आमच्या गाणाऱ्या बाईंकडे, म्हणजे मार्फुआकडे, टक लावून बघायचा. तिने श्वास कुठे घेतला, डावी टाच कधी उचलली, खांदा कधी ताठ केला, सगळं. एखाद्याने परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक बघावं तसं तो तिला दर रविवारी बघायचा. हे सर्व विलंबामुळे करावं लागतं, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. तिने विलंबाचा सिद्धांत मान्य केला होता, मनापासून नाही.

मार्फुआची ख्याती तिच्या थांबण्यावर उभी आहे. पाहुणे मंचावर येऊन गाणारीच्या हातात नोटा ठेवतात, त्याला आम्ही सावेर म्हणतो. कुणी सावेर द्यायला चढला की मार्फुआ ओळीच्या मध्येच तोडते, त्याच्याकडे एक नजर टाकते, मांडव श्वास धरून बसतो, आणि मग ती ओळ पुरी करते. हे ती केव्हा करेल, ते तिलाही आधी माहीत नसतं. टाच नाही, खांदा नाही, काही सूचना नाही. गादिंगरेजोच्या लग्नात एक वयस्क गृहस्थ अदबीने चढले, मार्फुआ तोडून थांबली, मांडव शांत झाला आणि त्या शांततेत ऑर्गन एकटाच 'ट्यांव' म्हणाला. लोक हसले. गृहस्थ नोट घेऊन तसेच खाली उतरले.

परतताना मालाच्या टेम्पोत मार्फुआ वागिमिनकडे वळली. आमच्याकडे पुरुषाला मानाने 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'. ती म्हणाली, "पाक मिन, मी थांबले की मागचं सगळं थांबलं पाहिजे. तुमचं थांबतं, पण चौकशी करून."

वागिमिन लगेच म्हणाला की पुढच्या वेळी असं होणार नाही. ती म्हणाली, अजून तिचं बोलणं संपलेलं नाही. हाजी बसुनींच्या मुलीच्या लग्नात पुन्हा तसं झालं, तर ती 'सिनार नादा' मंडळात जाणार. त्यांच्याकडे खरा कीबोर्ड आहे आणि त्यांचे प्रमुख तिला दोनदा घरी येऊन विचारून गेले आहेत.

ती गेली असती तर मंडळात एक ऑर्गनवाला आणि एक इतिहासाचा मास्तर उरला असता. आम्हां दोघांना ऐकण्यासाठी कुणी मुलीचं लग्न काढलं नसतं.

अशा वेळी नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची बातमी आली. लॅपटॉप चालवणारी ही सिस्टीम नव्याने लिहून काढली होती आणि तिच्यात वाजवणाऱ्यांसाठी खास सोय केली होती, की आवाज कुठल्याही टेबलावर न थांबता मागच्या दाराने थेट बाहेर. वागिमिनने ती घातली आणि मला बोलावलं. मी पोचलो तेव्हा तो हात धुऊन बसला होता. त्याने एक पट्टी दाबली. आवाज झाला. वागिमिनने विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला.

मग त्याने लॅपटॉपमधला ठेका सुरू केला आणि एक गाणं वाजवलं. गाणं सबंध वाजलं, पण ठेक्याच्या पुढे पुढे, चपला हातात घेऊन पळणाऱ्या माणसासारखं.

"फारच जलद केलंय यांनी," वागिमिन म्हणाला. "पाक गुरू, मी दाबायच्या आधीच वाजतंय."

असं होऊ शकत नाही, हे मी त्याला परोपरीने सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. ऑर्गनवाल्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, तिथे त्याने तक्रार मांडली की नव्या सिस्टीममध्ये आवाज पट्टीच्या आधी येतो, कृपया उपाय सांगावा. सुराबायाच्या एकाने लॅपटॉप विद्यापीठात नेऊन द्यायला सांगितलं. दुसऱ्याने विचारलं की तो लॉटरीचा आकडाही आधी सांगतो का. खुद्द कंपनीचं उत्तर सभ्य होतं: लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा. वागिमिनने बंद करून पुन्हा सुरू केला.

शेवटी मी माझा केंदांग घेऊन गेलो आणि त्याला म्हटलं, लॅपटॉप राहू दे, माझ्या ठेक्याबरोबर ह्याच्यावर थाप मार. त्याने मारली. सगळ्या थापा आधी पडल्या. केंदांगात ऑपरेटिंग सिस्टीम नसते. वागिमिन आपल्या तळहाताकडे बघत राहिला.

पेच आता स्वच्छ होता. सॉफ्टवेअरमध्ये एक खिट्टी होती. ती सरकवली की जुना विलंब हवा तेवढा परत आणता येत होता. आणला तर हात ठेक्यावर बसणार, पण मार्फुआ थांबली की पुन्हा ट्यांव. नाही आणला तर ट्यांव जाणार, पण बाकीचं सगळं गाणं घाईत. कसंही केलं तरी बाई सिनार नादात. लग्नापर्यंत वागिमिनने हाताला उशीर शिकवायचा प्रयत्न केला. हात म्हणे ऐकतो, पण आधीच ऐकतो.

"खिट्टी काय ठेवायची ठरवलीस?" लग्नाच्या सकाळी वायरी जोडताना मी विचारलं.

"नवीनच," तो म्हणाला. "निदान नवीन काहीतरी चुकेल."

हाजी बसुनींनी मांडव मोठा घातला होता. सिनार नादाचे प्रमुख पाहुणे म्हणून आले होते आणि पहिल्याच रांगेत रेंदांगचं मसालेदार मांस खात बसले होते, शेजारचं घर विकायला निघालं की त्या अंगणाची मापं डोळ्यांनी घेणाऱ्या माणसासारखे. मार्फुआने पहिलं गाणं सुरू केलं. वागिमिन तिच्याकडे टक लावून बसला होता. तिची टाच उचलली गेली की ह्याचा स्वर आलाच. ती तोंड उघडायची आणि शब्दाच्या आधी साथ हजर. मी दोघांच्या मध्ये केंदांगवर होतो आणि कुणाबरोबर जावं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी दोघांनाही थोडं थोडं फसवत होतो.

कडवं संपल्यावर मार्फुआने माइकवर तळवा ठेवला आणि हसरा चेहरा न मोडता मागे वळली.

"काय बघताय सारखं माझ्याकडे? बघू नका. तोंड फिरवा तिकडे."

हे तिने रागाने म्हटलं होतं; उपाय म्हणून नाही. पण वागिमिन आज्ञाधारक माणूस आहे. त्याने खुर्ची उचलली, पट्ट्यांची फळी स्टँडसकट फिरवली आणि वधूवरांची नावं थर्माकोलमध्ये चिकटवलेल्या पडद्याकडे तोंड करून, गाणारीकडे आणि सबंध पाहुण्यांकडे पाठ करून बसला.

दुसरं गाणं सुरू झालं. आता त्याला टाच दिसत नव्हती, खांदा दिसत नव्हता. दिसत होतं ते नवऱ्या मुलाच्या नावातलं थर्माकोलचं एक अक्षर. मार्फुआ गायली की ते ऐकून मगच बोटं हलायची, आणि ऐकण्यात नेमका तेवढाच वेळ जायचा जेवढी घाई त्याच्या हातात मुरली होती. साथ जागेवर पडली. हाजींचे धाकटे भाऊ सावेर घेऊन चढले, मार्फुआ ओळीच्या मध्ये तोडून थांबली, आणि मागचं सगळं थांबलं. 'अरुम मेलाती'ची शांतता मी कित्येक वर्षांनी ऐकली. मार्फुआचाही विश्वास बसला नसावा, कारण पुढच्या ओळीत तिने समोर कुणी नसताना उगीचच थांबून पाहिलं.

पण मांडवाला हे संगीत कळत नव्हतं. मांडवाला दिसत होतं की ऑर्गनवाला भर लग्नात गाणारीकडे पाठ करून बसला आहे. बायकांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. हाजींची थोरली बहीण नोट घेऊन मंचावर आली आणि मार्फुआला माइकसमोरच विचारती झाली की काय गं, भांडलात का.

मार्फुआने एक क्षण पाठमोऱ्या वागिमिनकडे पाहिलं. "बघा ना बू," ती माइकमध्ये म्हणाली, "सकाळपासून एक शब्द नाही. मी मेलीने काय केलं ते तरी सांगावं."

मांडव हसला, आणि ह्या वेळी योग्य जागी हसला. म्हाताऱ्या बाईंनी नोट मार्फुआला दिली नाही. त्या वागिमिनपाशी गेल्या, ती त्याच्या कॉलरमध्ये खोचली आणि म्हणाल्या, "जाऊ दे रे लेकरा, बोल तिच्याशी."

"हो," वागिमिन पडद्याला म्हणाला आणि वळला नाही, कारण वळायची आज्ञा नव्हती. मग रांगच लागली. काही जण मार्फुआची बाजू घेऊन तिला सावेर देत होते, काही जण त्याची बाजू घेऊन त्याच्या कॉलरमध्ये. सिनार नादाच्या प्रमुखांनी रेंदांगची ताटली खाली ठेवली आणि ते गोड न खाता निघाले.

सामान आवरताना वागिमिनची कॉलर कोबीसारखी फुगली होती. लोकांना नवी सिस्टीम एवढी आवडेल असं त्याला वाटलं नव्हतं, असं तो मला दोनदा म्हणाला. मग वायर गुंडाळता गुंडाळता, तोंड अजून पडद्याकडेच ठेवून, त्याने विचारलं, "मग? सिनार नादा?"

"तिथला माझ्याकडे बघून हसत वाजवतो," मार्फुआ म्हणाली. "त्याला कोण पैसे देणार? पुढच्या रविवारी पण असंच रुसून बसायचं."

"रुसलंय कोण?"

"तुम्ही. का ते मी अजून ठरवलेलं नाही."

आता लोक लग्न ठरवायला येतात तेव्हा रुसलेला ऑर्गनवाला आहे ना, असं आधी विचारून घेतात. मोदिन सुकेमींनीही हे ऐकलं आणि केंदुरीला वागिमिनची चटई भिंतीकडे तोंड करून घालायला सांगितली. आमीन आता वेळेवर येतं. वागिमिन भेटेल त्याला नव्या सिस्टीमची तारीफ ऐकवतो. पण तिचं सगळ्यांत मनापासून स्वागत त्याच्या बायकोने केलं. विलंबाचा सिद्धांत मला पहिल्यापासून पटलेला होता, असं ती हल्ली सांगते.