मुदखेडची कळशी

लातूर नवा जिल्हा झाला, साहेबांच्या गाड्या वाढल्या, पण नळाला पाणी काही आलं नाही. त्या दुष्काळात भुसार दुकानदार सिद्रामप्पांना त्यांच्या बायकोनं, शिवकांतानं, नांदेडला धाडलं. हातात तांब्याची कळशी देऊन बजावलं, "श्रावणात पूजेला गोदावरीचं पानी पायजे. सरळ नदीवर जावा, टेशनाकडं बघू नका."

सिद्रामप्पांना रेल्वेचं भारी वेड. स्वतःच्या वरातीतही शिट्टी ऐकून घोड्यावरून मान वळवलेला माणूस. नांदेडला एस.टी.तून उतरले आणि पाय आपसूक स्टेशनात गेले. मुदखेडची गाडी उभीच होती. मुदखेडला उतरले तर धर्माबादची लागलेली; तीही घेतली. खिडकीतून करपलेली रानं बघत, इंजिनाच्या धापा ऐकत दिवस कुठं गेला, कळलं नाही. परतताना मुदखेडला इंजिन पाणी प्यायला थांबलं, तेव्हा मांडीवरची कोरडी कळशी आठवली. नदीवर जायला आता वेळ नव्हता. त्यांनी ड्रायव्हरला हात जोडले आणि इंजिनाच्या नळाखालीच कळशी भरून घेतली.

दुसऱ्या दिवशी शिवकांतानं इष्टलिंग तळहातावर घेतलं आणि कळशीवरचं फडकं सोडलं. पाण्यावर कोळशाचे बारीक कण तरंगत होते.

"हे कुठलं पानी?"

"मुदखेडचं," सिद्रामप्पा भुईकडं बघत म्हणाले.

पाणी ओतून द्यायचे ते दिवस नव्हते. तिनं बोटानं कण बाजूला सारले, लिंगावर पळीभर पाणी सोडलं आणि वर न बघता म्हणाली, "देवाला मुदखेड घडलं. मला कवा घडायचं?"