शेवटपर्यंत ऐकणारी विदुला

विदुला गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोलशेतला भाजी घेत होते. तिचा नवरा सुहास एवढंच म्हणाला, "अगं, विदुला गेली. सकाळी... झोपेतच." निवडलेली मेथी मी तशीच परत ठेवली आणि रिक्षा पकडली. त्याला आता काही आठवडे झाले.

आमची ओळख ठाण्यातल्या एका कंपनीतली. नोकऱ्या बदलल्या, पण एका वेबसाइटने आम्हाला धरून ठेवलं. पूर्वी हौशी लोक घरच्या कॉम्प्युटरवर, ट्रॅकर म्हणतात त्या प्रोग्राममध्ये संगीत बांधायचे. त्या फाइली आम्ही चार-पाच जण या साइटवर जपतो. त्यांत गाणं रेकॉर्ड केलेलं नसतं. आवाजांचे छोटे तुकडे असतात आणि कुठला तुकडा कधी, कुठल्या सुरात वाजवायचा याच्या सूचना. ब्राउझरमधला प्लेअर त्या वाचून दर वेळी गाणं नव्याने वाजवतो. विदुला प्लेअर सांभाळायची, मी मेल.

मध्यंतरी ब्राउझर बदलत गेले आणि आमचा प्लेअर अडखळायला लागला. आमच्यातला निखिल म्हणाला, सगळी गाणी रेकॉर्ड करून त्यांचं एमपीथ्री करून टाकू, कटकट मिटेल. विदुलाने ऐकलं नाही. "अरे, मग आत डोकावायला काय उरलं? मी शिकले ती दुसऱ्यांच्या फाइली उघडूनच ना!" डोंबिवलीच्या घरी, सुट्ट्या घालवून तिने प्लेअर मुळापासून नवा लिहिला. माझ्या जुन्या फोनवरसुद्धा तो सुरळीत चालायचा. कुठला स्वर कुठे लागतोय ते पडद्यावर सरकताना दिसायचं. आम्ही तो खुशीत चाचणीला लावला.

आठवड्याभरात मेल आला. कल्याणचे गुप्ते नावाचे गृहस्थ, एके काळी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे. नव्या प्लेअरवर त्यांनी पूर्वी बांधलेलं गाणं शेवटी तुटतं, असं त्यांनी लिहिलं होतं. विदुलाने तपासलं. प्लेअर बरोबर होता. स्वर थांबवायची सूचना फाइलमध्येच होती. तसं कळवून मोकळं होता आलं असतं. ती म्हणाली, "चल, कल्याणला जाऊन येऊ."

गुप्तेकाकांनी आम्हाला बसवलं आणि सरळच सांगितलं, "त्यातला आवाज आमच्या हिचा आहे. माइक समोर धरून एकच 'आ' म्हणायला लावला होता. ती गेल्यावर आता तेवढाच आवाज उरलाय माझ्याकडे... शेवटी तो हळूहळू विरायचा. तुमच्या नव्यात कापल्यासारखा थांबतो." विदुलाने विचारलं, "काका, हे कुठल्या प्रोग्राममध्ये बांधलंत?" त्यांनी माळ्यावरून जुना कॉम्प्युटर काढून दाखवला. त्या प्रोग्रामला एक खोड होती: थांब म्हटलं तरी तो स्वर लगेच थांबवायचा नाही, विरू द्यायचा. काकांनी गाणं त्याच खोडीवर कान ठेवून बांधलेलं. आमच्या जुन्या प्लेअरमध्येही ती खोड होती. विदुलाने ती चूक समजून काढून टाकली होती.

निखिल वैतागला. "एका माणसासाठी सगळं थांबवायचं?" ती म्हणाली, "त्या प्रोग्राममध्ये बांधणारे सगळेच असं ऐकत होते रे. त्यांचं गाणं दुरुस्त करणारे आपण कोण?" मग तिने प्लेअरला फाइल कुठल्या प्रोग्राममध्ये बनली ते ओळखून तसं वागायला शिकवलं. त्यात तिचे दोन महिने गेले. काकांना तिने फोनवर गाणं ऐकवलं. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "हो. हीच."

परवा डोंबिवलीला गेले. विदुलाचे हेडफोन कपाटाच्या मुठीला लटकत होते. सुहास म्हणाला, "कोणाची तक्रार आली की आधी डोळे मिटून अख्खं गाणं ऐकायची. तेवढ्यात मी चहा आणला, तर हातानेच थांब म्हणायची." मी सांगितलं, कालच एक तक्रार आलीय, बघू या का? तिच्याच कॉम्प्युटरवर ते गाणं लावलं. काय बिघडलंय ते मला कळलं नाही. तरी आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

गाणं संपलं तेव्हा सुहास म्हणाला, "परत लाव."