देवाचा न मोजलेला चढ

देवा राठोड काल दुपारी गेला. त्याच्याशी शेवटचं बोललो, तेव्हा मी खोटं बोललो होतो.

वारंगा फाट्यावर त्याचं गॅरेज होतं. तुमच्यापैकी अनेकांच्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्यात.

पण आमच्या शर्यतीचा इतिहास तुम्हाला माहीत नाही. तो कुठं लिहिलेलाच नाही. आज लिहितो.

सिद्धेश्वर धरणात एक टेकडी आहे. उन्हाळ्यात तिच्यावर शेळ्या चरतात. धरण भरलं की चारी बाजूंनी पाणी येतं आणि टेकडीचं बेट होतं.

कॉलेज संपवून आम्ही पाच मित्र रिकामे फिरत होतो. देवाच्या डोक्यात आलं, त्या बेटावर मोटरसायकल चढवायची.

मी म्हटलं, "काहून? एवढे रस्ते हायेत की."

"रस्त्यावर पोलीस येते, म्हशी येतेत, तुहे वडील येतेत. बेटावर कोण येते?"

वडिलांचा मुद्दा बराबर होता. ठरलं.

मासे धरणाऱ्या एका काकांचा ड्रमांचा तराफा होता. त्याच्यावर एकच गाडी मावायची. म्हणून आमच्या शर्यतीत सगळे एकाच गाडीवर चढायचे, पाळीपाळीनं. देवाची जुनी फटफटी.

एकानं चढवायची. माथ्यावर पोहोचला की हॉर्न वाजवायचा. हॉर्न ऐकला की खालच्यानं स्टॉपवॉच बंद करायचं. मग गाडी खाली आणायची, इंजिन गार होईस्तोवर चहा प्यायचा, की पुढचा तयार.

चढ म्हणजे नुसता मुरूम. मधल्या वळणावर मागचं चाक जागीच फिरायचं. पहिल्या वर्षी तिथं आम्ही चौघंही आपटलो.

देवा पडला नाही. त्यानं आधीच पायी चढून एकेक दगड पाहून ठेवला होता. आम्ही त्याला चीटिंग म्हणालो, तो अभ्यास म्हणाला.

नियम एकच होता, तोही देवाचा. ज्याचा शेवटचा नंबर येईल, त्यानं स्टॉपवॉच वर्षभर सांभाळायचं आणि पुढच्या वर्षी घेऊन यायचं.

मी म्हटलं, "अरे, वस्तू जिंकणाऱ्याला देतेत ना?"

"जिंकलेला तं येणारच हाय. हरलेला रुसून बसला तं? घड्याळ त्याच्यापाशी असलं की त्याला यावंच लागते."

असं बरीच वर्षं चाललं. दसरा झाला की देवाचा फोन यायचाच.

मग एक जण पुण्याला कंपनीत लागला. एक गुजरातला गेला. तिसऱ्याला बायकोनं शपथ घातली.

उरलो आम्ही दोघं. एक गाडीवर, एक खाली घड्याळ घेऊन. मग अदलाबदल.

दोघांत शेवटचा नंबर कायम माझाच. घड्याळही कायम माझ्याच घरी, हिंगोलीला.

खरं सांगू? मला कंटाळा आला होता. पन्नाशी उलटलेला माणूस टेकडीवर फटफटी चढवतो म्हणून पाहुणेरावळे हसायचे.

गेल्या दसऱ्यानंतर फोन आला.

"मिल्या, पाणी झकास भरलंय. रविवारी येतो का?"

"गुडघा लई दुखून राहिला रे. पुढच्या वर्षी पाहू."

"बरं बरं. गुडघ्याला जप."

गुडघा ठणठणीत होता. रविवारी मी घरी लोळत मॅच पाहिली.

सोमवारी पुन्हा त्याचा फोन.

"गुडघा कसा हाय?"

"उतरून राहिला हळूहळू."

"मी जाऊन आलो बरं का."

"कोणासंगं?"

"एकलाच. काकानं तराफ्यानं बेटावर सोडलं अन् ते गेले जाळं टाकायला. चढलो. माथ्यावर हॉर्न वाजवला."

"टाइम किती लागला?"



"ते कसं सांगू? घड्याळ तुह्यापाशी."

हे तो रागानं म्हणाला नाही. हसून म्हणाला. टोमणा मारला असता तर निदान भांडलो असतो.

त्यानंतर लाजेपोटी मी फोन केला नाही. आज करू, उद्या करू. त्यानंही केला नाही.

काल गॅरेजमध्येच त्याच्या छातीत कळ आली. नांदेडला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आज त्याच्या तांड्यावर मातीला गेलो. सगळं आटोपल्यावर त्याची लेक जवळ येऊन बसली. डोळे सुजलेले.

"काका, गेल्या वर्षी बाबा बेटावर गेले व्हते. पार माथ्यालोग चढलो म्हणले. आई म्हणती, ह्या वयात कुठलं, अर्ध्यातून वापस आले असतीन. तुमी व्हते ना संगं?"

मी म्हणालो, "न्हाई."

तिनं मान हलवली आणि बायकांत जाऊन बसली.

तिथून हिंगोलीपर्यंत गाडी चालवत आलो. शेजारची सीट मोकळी. रस्ताभर कुणाला फोन करावा तेच सुचेना. हे सगळं ज्याला सांगावं, तोच गेला होता.

पोरी, तू हे वाचशील म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

मी संगं नव्हतो. माझा गुडघा खोटा होता.

पण तुझ्या बापाचं एक ऐक. आम्ही पाचही जण असायचो तेव्हा एका वर्षी वरून हॉर्न वाजला, मी घड्याळ बंद केलं. सगळ्यांत भारी टाइम. आम्ही नाचायलाच लागलो. तुझा बाप खाली आला आणि म्हणाला, "हा धरू नको. वळणावर गचका बसला अन् हॉर्न चुकून दबला. मी माथ्यावर नव्हतो पोचलो."

कुणालाही कळलं नसतं. तरी तो पुन्हा चढला आणि त्या वर्षी हरला.

असा माणूस माथ्यावर गेलो म्हणतो, म्हणजे तो गेला. अर्ध्यातून परत आला असता तर तसंच सांगितलं असतं.

आईलाही सांग, चढ पूर्ण झाला होता. तो हॉर्न ऐकायला खाली मी असायला पाहिजे होतो.

देवा, माफ कर. श्रद्धांजली उशिराच पोचवतोय, तेवढी घे.

तुझा मिल्या