सांध्यावरची जागा

“आधी टेबलं जुळवा, खंड नंतर!” असं म्हणत तो जेवणाच्या सुट्टीत दोन टेबलं एकमेकांना भिडवायचा. इथे परदेशात, ईस्ट टामाकीतल्या आमच्या गोदामात तो फोर्कलिफ्ट चालवायचा. मूळचा मलावीचा, साठी उलटलेला. जुळवलेल्या टेबलांच्या सांध्यावर तो स्वतः बसायचा. तिथे टेबलांचे पाय गुडघ्यांना लागतात, म्हणून दुसरं कोणी बसत नसे.

सगळी आफ्रिका एक व्हावी, हा त्याचा ध्यास. दर शुक्रवारी मतदान घ्यायचा. “सीमा उघडल्या की व्यापार वाढेल, पोरांना पोटासाठी इतक्या लांब यावं लागणार नाही. पटतं? हात वर!” नायजेरियाचे, केनियाचे, झिम्बाब्वेचे, झाडून सगळे हात वर. मग कोणीतरी विचारायचं, “राजधानी कुठे?”

“लागोस. आणखी कुठे?” नायजेरियावाले म्हणायचे.

“का? नैरोबीला काय झालंय?” केनियावाले उसळायचे.

हात खाली यायचे आणि डबे आपापल्या कोपऱ्यात जायचे.

मी आणि कुलकर्णी गालातल्या गालात हसायचो. अर्थात टेबलाच्या दोन टोकांना बसून. आमचं मराठी मंडळ फुटल्यापासून आमचं बोलणं बंद होतं. फुटलं कशावरून, तर आरती आधी की अध्यक्षांचं भाषण आधी. तुमच्याकडेही असं एखादं मंडळ असेलच. आता दोन गणपती बसतात. आमचा हा फोर्कलिफ्टवाला दोन्हीकडे येऊन मोदक खाऊन गेला. मी विचारलं, “कुठले चांगले?”

“ब्रदर, एका ताटात वाढले असते तर सांगता आलं असतं.”

मला राग आला. खरं बोलला म्हणूनच आला.

निवृत्त होऊन तो टौरंगाला लेकीकडे निघाला. “भेटवस्तू नको. सोमवारी टेबलं जुळलेली असू देत. कबूल? हात वर!”

सगळ्यांचे हात वर. माझा, कुलकर्णीचाही. “स्वीट ॲज,” असं इथल्या बोलीतलं ‘झकास’ म्हणत त्याने डोळे पुसले.

सोमवारी टेबलं दोन भिंतींना होती. मला लाज वाटली. मी एकाचं टोक धरलं, पण ते एकट्याला हलेना. दुसऱ्या टोकाला कुलकर्णी येऊन उभा राहिला.

“ओढतोस काय? उचल की,” दोन वर्षांनी तो माझ्याशी बोलला.

टेबलं जुळली. सगळे आले, वा वा म्हणाले, बसले. सांध्यावर मात्र कोणी बसेना.

“बस ना,” मी कुलकर्णीला म्हटलं.

“छे, आधी तू.”

शेवटी मीच बसलो. गुडघ्याला लोखंडी पाय असा लागला की डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं तिथे बसून तो हसायचा कसा, कोण जाणे.