थोरलीची किक

कवळीकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कवळ्या केल्या आणि स्वतःचे सगळे दात शाबूत ठेवले. या गोष्टीचा त्यांना नको इतका अभिमान. दंतवैद्यांकडून लोकांच्या जबड्यांची मापं यायची, काका बाकावर बसून घासून-तासून कवळी जमवायचे, आणि कुठेतरी एक अनोळखी माणूस पुन्हा चावायला लागायचा. निवृत्तीच्या दिवशी मालकाने विचारलं, भेट काय देऊ? काका म्हणाले, "माझी हत्यारं द्या, दुसरं काही नको." बारीक कानशी, वाकड्या टोकाच्या सुया, दांडीला बसवलेला इवलासा आरसा, असं सगळं डब्यात घालून ते घरी आले आणि थेट मागच्या शेडमध्ये गेले. तिथे थोरली उभी होती.

थोरली म्हणजे मोटारसायकल. दगडधोंड्यांतून, चिखलातून, डोंगरावर पळवायला केलेली. उंच, हाडकुळी, पेट्रोलमध्ये तेल मिसळून पिणारी आणि निळा धूर सोडणारी. काकू लग्न होऊन घरात आल्या तेव्हा ती आधीपासूनच दाराशी उभी होती, म्हणून काकूंनीच तिचं नाव थोरली ठेवलं. "मी धाकटी," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या, आणि पाहुणे बिचारे चहा पितापिता ठसकायचे.

निवृत्तीनंतर काकांनी थोरलीचा एकेक अवयव खोलला. कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकात दाताची सुई घालून ते साफ केलं, सिलिंडरमध्ये तो इवलासा आरसा घालून आतली भिंत तपासली. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता फक्त तिला 'आ कर' म्हणायचं बाकी आहे." काका वर न बघता म्हणाले, "ती न सांगता करते. तुझ्यासारखं नाही."

अशा जुन्या गाड्यांच्या वेड्यांचं एक मंडळ होतं, धूळमंडळी. त्यात एक वेल्डर, एक घड्याळजी, दोन-चार शेतकरी, एक दंतवैद्य, आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका. बाईंनी शाळा सोडली, पण शाळेने त्यांना सोडलं नव्हतं. मंडळाचे नियम त्यांनीच केले होते आणि त्या ते पाठ म्हणून दाखवायच्या. वर्षातून एकदा गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत सगळे जमायचे आणि तिथल्या चढावर गाड्या चढवायचे. पैजबिज काही नाही, बक्षीसही नाही. वर जायचं, खाली यायचं आणि मग दिवसभर त्याबद्दल बोलायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काही उगीच नाही.

नियमांत सगळ्यात वरचा नियम किकचा. या गाड्यांना बटण नसतं. एका पायावर उभं राहून, दुसऱ्या पायाने सगळं अंग दांड्यावर टाकावं तेव्हा इंजिन जागं होतं. बाईंचा नियम असा, की ज्याने किक मारली त्यानेच गाडी चढवायची, आणि मालकाने दुसऱ्याला 'मार' म्हटल्याशिवाय त्याच्या गाडीला कुणी पाय लावायचा नाही. ज्याला स्वतःला किक जमत नाही, त्याने कठड्यावर बसायचं.

कठडा म्हणजे खाणीच्या तळाशी असलेली दगडी भिंत. तिच्यावर मंडळाचे जुने लोक उश्या टाकून बसलेले असत, चहाचे थर्मास मांडून. त्यांचा म्होरक्या कप्तान. आयुष्यभर नदीवर फेरीबोट चालवलेला हा माणूस कठड्यावरून प्रत्येकाच्या चुका मोजायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. एकदा कठड्यावर बसलेला माणूस पुन्हा गाडीसाठी खाली उतरला, असं आजवर झालेलं नव्हतं. आणि कवळीकाका मरणाला भीत नसतील इतके त्या कठड्याला भ्यायचे.

कारण त्यांचा उजवा गुडघा गेला होता.

हे कुणाला माहीत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. शेडचं दार लावून ते किकचा सराव करायचे. आतून खट् आवाज यायचा, मग "अगं आई गं", मग बराच वेळ शांतता. बाहेर आल्यावर सांगायचे, प्लग ओला झालाय. दुसऱ्या दिवशी पेट्रोलमध्ये कचरा. तिसऱ्या दिवशी हवेत दमटपणा फार. काकू भाजी निवडत म्हणायच्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्यांना सगळं दिसत होतं. त्यांनी एकदा सरळ सांगूनही पाहिलं होतं, की अहो, बसा ना कठड्यावर, मी येते सोबत, उशीही घेते. त्यावर काका दोन दिवस बोलले नव्हते. तेव्हापासून काकूंनी तो विषय काढला नाही. रोज रात्री तेल मात्र गरम करून ठेवायच्या, आणि काका ते 'थंडीमुळे' गुडघ्याला लावायचे.

गंमत अशी, की गुडघ्याचं गुपित सगळ्या मंडळाला माहीत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? तेव्हा ज्याने त्याने आपापल्या परीने मुक्यानेच मदत करायचं ठरवलं.

आधी वेल्डर आला. किकचा दांडा वाकलाय, सरळ करून देतो म्हणाला, आणि घेऊन गेला. परत आणला तेव्हा तो दोन बोटं लांब होता. दांडा लांब म्हणजे जोर कमी लागतो. ज्या माणसाने आयुष्यभर दाताच्या टोकाचा फरक बोटाने ओळखला, त्याला दोन बोटं दिसणार नाहीत होय? दिसली. काकांनी आभार मानले आणि दांडा बसवला.

मग आला घड्याळजी. थोरलीच्या इंजिनाला बाजूला एक झाकण होतं आणि त्याखाली टायमिंगची चकती. ती पुढे सरकवली की ठिणगी लवकर पडते आणि गाडीला चढावर जोर येतो. काका चहा सांगायला आत गेले तेवढ्यात घड्याळजीने झाकण काढलं, चकती केसभर पुढे सरकवली आणि झाकण लावून टाकलं. किक कशीही बसो, निदान चढाला तरी गाडी दगा देणार नाही, हा त्याचा हिशेब.

मग सूनबाई. ती शहरात बस चालवायची. लग्न ठरवायला आली तेव्हा सासूशी बोलायच्या आधी शेडमध्ये जाऊन थोरलीचा क्लच दाबून बघितला होता, आणि काकांनी त्याच क्षणी मुलाला सांगितलं होतं, ही हातची घालवलीस तर तू कपाळकरंटा. तिला खाणीत चढायची फार इच्छा. पण तिची गाडी नवी, बटणाची, आणि मंडळात जुन्याच गाड्या चालत. म्हणून ती दरवर्षी झेंडा धरून उभी राहायची. तिनेही एका संध्याकाळी तेच झाकण काढलं, आणि तीच चकती केसभर पुढे सरकवली.

आणि आदल्या दिवशी खुद्द काकांनी. गुडघ्यात जोर नाही, निदान इंजिनात असावा, असं म्हणत त्यांनीही. तीही केसभरच. चकतीवरची जुनी खूण बघायला चष्मा लागतो, आणि चष्मा घरात. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. इथे तिघांच्या पाहुण्याला अजीर्ण झालं. पण अळीमिळी गुपचिळी, कुणी कुणाला बोललं नाही.

खाणीत त्या सकाळी सगळे जमले. रांगेत गाड्या लागल्या. काकूही आल्या होत्या आणि कठड्याशी उभ्या होत्या, पण बसल्या नव्हत्या. काकांच्या आधीचे एकेक करून चढून आले. काका थोरलीवर उभे राहिले. सगळे दुसरीकडे बघत असल्याचं नाटक करत होते. घड्याळजी तर आकाश निरखत होता.

काकांनी पाय दांड्यावर ठेवला आणि अंग टाकलं. गुडघा अर्ध्यातच कचरला. किक बसली ती हळू, अर्धवट. पण इंजिन बोललं. फट्, मग फटफटफट, आणि मागे निळा ढग.

काकांचा चेहरा असा फुलला, की त्यांचे ते सगळे दात खाणीच्या दुसऱ्या टोकावरून दिसावेत. इंजिनाचा आवाज जरा वेगळा होता, कानाला कळलं होतं. पण आनंदात कानाचं ऐकतो कोण? त्यांनी पहिला गिअर टाकला. सूनबाईने झेंडा पाडला. काकांनी क्लच सोडला.

आणि थोरली मागे सुटली.

या जातीच्या इंजिनाची ही खोड आहे. ठिणगी फार लवकर पडली आणि किक मंद बसली, तर वर येणारा पिस्टन अर्ध्या वाटेतून परत ढकलला जातो आणि इंजिन उलटं फिरायला लागतं. त्याला त्याचं काही वाटत नाही, तसंही ते मजेत चालतं. फक्त पुढचे सगळे गिअर मागचे होतात. चढाकडे तोंड केलेले काका, दोन्ही हात हँडलला घट्ट, सगळ्यांकडे आश्चर्याने बघत, दूरदूर जात सरळ कठड्याकडे निघाले. तिथे रचलेल्या जुन्या टायरांत थोरली रुतली, बंद पडली, आणि काका अलगद टायरांवर बसले.

कुणाला काही लागलं नव्हतं. कप्तान वरून वाकून म्हणाला, "या, या. तुमचीच वाट बघत होतो. पण पाठ करून याल असं वाटलं नव्हतं."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. दंतवैद्य जमिनीवर बसला. काकाही हसले, आणि हसताहसता त्यांचा चेहरा एकदम उतरला. "गुडघा गेलाय माझा," ते म्हणाले. "तुम्हाला सांगितलं नाही. मला कठड्यावर बसायचं नव्हतं."

हसणं थांबलं. वेल्डर म्हणाला, "दांडा मी लांब केला." घड्याळजी म्हणाला, "चकती मी सरकवली. केसभर." सूनबाई म्हणाली, "मीपण. केसभर." काका म्हणाले, "मीसुद्धा." काकूंनी कपाळाला हात लावला. "अति तिथं माती," त्या म्हणाल्या. "निदान एकमेकांना विचारायचं तरी."

आता सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंनी चष्मा नीट केला. "झेंडा पडायच्या आधी गाडी स्वतःच्या पायाने सुरू झाली पाहिजे," त्या म्हणाल्या. "झाली. ती पुढे जावी का मागे, याबद्दल नियमात एक अक्षर नाही. झेंड्यानंतर बंद पडली तर पान्याला हात लावायचा नाही. धक्का चालतो."

धक्का द्यायला सूनबाई आणि वेल्डर पुढे झाले, पण टायरांच्या सर्वांत जवळ होता कठडा. आधी कप्तान उतरला, कमरेला हात लावत, शिव्या देत. मग त्याच्या शेजारचा. मग एकेक करून सगळे म्हातारे, चपला शोधत, थर्मास सांभाळत. कोण कुणाला ढकलतंय तेच कळेना. काकूंनी मात्र गाडीला हात लावला नाही. त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि ढकललं. "जा आता," त्या म्हणाल्या. "जाऊन या."

दुसऱ्या गिअरला थोरलीने उचकी दिली, आणि या वेळी सरळ चालायला लागली. काका चढावर गेले. दगड आले, वळण आलं, वरची सपाटी आली. खाली आरडाओरडा चालला होता, तो त्यांना ऐकूही आला नाही. सगळा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, की ही आता बंद पडू नये. बंद पडली तर इथे वर किक कोण मारणार? एवढी वर्षं ज्या चढासाठी ते वर्षभर झुरायचे, तो चढ त्यांनी पाहिलाच नाही. गाडी चालवलीच नाही, नुसती जिवंत ठेवली. हे त्यांना वरच कळलं, आणि फार वाईट वाटलं.

ते खाली आले. थोरली अजून फटफटत होती. सगळे टाळ्या वाजवत होते. काकांनी वाकून पेट्रोलचा कॉक स्वतःच्या हाताने बंद केला आणि वाट बघितली. आतलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत थोरली चालली, मग गप्प झाली. टाळ्याही थांबल्या, कारण गाडी चालू असताना कॉक बंद करणारे काका कुणी पाहिले नव्हते.

काका उतरले. झाकण काढून चकती आपल्या जागी आणली. त्यासाठी चष्मा काकूंच्या पर्समध्ये निघाला. मग सूनबाईला म्हणाले, "झेंडा दे इकडे. किक मार."

"बाबा, अहो, गाडी तुमची आहे," सूनबाई म्हणाली.

"किक मारेल तो चढेल. बाईंना विचार."

बाईंनी मान डोलावली. सूनबाईने कॉक उघडला, थोरलीवर उभी राहिली आणि अंग टाकलं. एका किकला. काका खाली वाकून बघत राहिले, गाडी कुठे जातेय ते. ती पुढे गेली.

कठड्यावर चढायला त्यांना दोघांनी हात दिला. काकूंनी उशी सरकवली. सूनबाई पहिल्या दगडापर्यंतही पोचली नव्हती तोवर काका ओरडायला लागले, की अगं, आधी गिअर उतरव, तिथे नको, डावीकडून घे. कप्तान म्हणाला, "डावीकडून नाही, उजवीकडून." दोघांची तिथेच जुंपली.

काकूंनी बघितलं तर काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "धूर गेला का डोळ्यांत?" त्यांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "रडतोय. वळण बघ, वळण. कसं घेतलं बघ तिने."