लेकीच्या हातच्या वाती

माझ्या थोरल्या दिरांनी पिशवी उलटी केली आणि टेबलावर वाती पडल्या. कापसाच्या. माझ्या छबूनं वळलेल्या.

"देखो मैडम," ते म्हणाले, "ये सब लड़की ने बनाया है. हात चालतो तिचा. दिवाळीनंतर अठराची होतेय. आता बापाकडून खर्चा कशाचा?"

धारच्या कोर्टात समेटासाठी वेगळी खोली आहे, दोन्ही बाजूंना समोर बसवून समेट घडवणाऱ्या मॅडम तिथं असतात, तिथली ही गोष्ट. मुलगी सज्ञान होतेय, आता पोटगी बंद करा, असा अर्ज नवऱ्यानं टाकला होता. नवरा देवासचा, जुन्या सरदारी घराण्यातला, मोठ्या पगाराचा. मला टाकून त्यानं दुसरं लग्न केलं त्यालाही बरीच वर्षं झाली. मी धारच्या शिवणकाम करणाऱ्याची पोर. घरीच मशीन चालवते, कारण छबूला सोडून बाहेर कामाला जाता येत नाही. अंगानं ती बाई झाली, मनानं चार वर्षांचीच राहिली. गॅस, रस्ता, परका माणूस, यातलं काही तिला कळत नाही. अंघोळ मी घालते. पाळी आली की सगळं मीच बघते. पोटगी गेली तर मला बाहेर काम धरावं लागेल आणि हिला घरात कोंडावं लागेल. दाराला बाहेरून कडी घालून.

आणि त्या वाती. त्यांच्या घरची रीत अशी, की नवरात्रातला देवीचा दिवा घरच्या लेकीनं वळलेल्या वातीवरच लागतो. त्या घरात दुसरी लेक नाही. म्हणून दरवर्षी त्यांचा ड्रायव्हर यायचा आणि दारातूनच पिशवी घेऊन जायचा. छबूला कधी देवीसमोर नेलं नाही. वाती मात्र चालायच्या. मी वेडी, भरभरून द्यायचे. वाटायचं, निदान वातीबरोबर तरी लेक त्या घरात जाते. त्यातल्याच उरलेल्या वाती त्यांनी साठवून कोर्टात आणल्या.

दिरांनी खिशातून कापूस काढला. घरून ठरवूनच आणला होता.

"कर के दिखा, बेटा."

छबू खूश. जीभ बाहेर काढून तळहातावर वात वळायला लागली. "झालं!" म्हणाली. त्यांचा वकील म्हणाला, "शाबाश." ती टाळ्या पिटून हसली, दुसरी घेतली. मी मनात देवीला म्हणत होते, बिघडू दे. एक तरी बिघडू दे गं. आईनं मागायचं मागणं आहे का हे? माझी मलाच शिसारी आली. पण एकही वात बिघडली नाही. शिकवलं मीच होतं ना.

मग तिनं एक वात उचलून समोर बसलेल्या बापापुढे धरली.

"घ्या काका."

तो मोबाईलमध्ये बघत राहिला.

छबू उठली तेव्हा खुर्ची ओली होती. सलवार मागून ओली. कामात रमली की तिला लघवीचं भान राहत नाही. दिरांनी रुमाल नाकाला लावला.

"मशीनवाल्याच्या घरी काही शिकवतच नाहीत वाटतं."

माझ्या तोंडात नेहमीचं वाक्य तयार होतं. 'पाणी सांडलं.' सासूबाईंनी शिकवलेलं. घराण्याची लेक आहे, झाकून न्यायचं. लग्नात, दवाखान्यात, शेजाऱ्यांकडे मी इतकी वर्षं पाणीच सांडत आले होते.

त्या दिवशी नाही सांडलं.

"मॅडम, हे पाणी नाही," मी उभी राहिले. "पोरीला लघवी झाली. रोज होते. रोज मी धुते. वात वळता येते म्हणून पोट भरता येत नाही. सख्ख्या बापाला काका म्हणाली, ऐकलंत ना? मैं मर गई तो इसको कौन धोएगा? भाऊजी, तुम्ही?"

लेकीची ओली सलवार, हाच माझा पुरावा. तिची लाज चारचौघांत मांडल्याशिवाय तिला अन्न मिळत नाही, याचा संताप अजून शमलेला नाही. मॅडमनी समेट झाला नाही असं लिहिलं आणि पुढची तारीख पडली. माझ्या वकीलबाई म्हणतात, जे मूल अपंगत्वामुळे कमावू शकत नाही त्याला अठरानंतरही बापानं पोसायचं, असा कायदा आहे. निकाल कधी लागेल ते मात्र त्यांनाही सांगता येत नाही. मशीनवर बसले की मला ती कडीच दिसते.

घटस्थापनेच्या आधी दारात गाडी थांबली. तोच ड्रायव्हर.

"भाभीजी, साहब ने वाती मँगवाई है."

एवढं होऊनसुद्धा! छबू पिशवी घेऊन धावली. मी ती तिच्या हातातून काढून घेतली.

"भिया, साहेबांना सांग. लेक त्या घरची असेल तर तिचं पोटही त्या घरचं. नसेल तर बाजारच्या वातीवर दिवा लावा."

"देवी का काम है, भाभीजी."

"देवीशी मी बोलेन."

गाडी गेली. छबू रडत राहिली. तिला वाटलं, आपल्या वाती चुकल्या.

पुढच्या तारखेला मी तिला नेणार आहे. वेणी घालून, गजरा माळून, धुतलेल्या कपड्यांत. कोणी म्हणेल, ही तर चांगली दिसते. दिसू दे. लेकीला केविलवाणी करून मी भीक मागणार नाही. पुन्हा कुणी तिच्यापुढे कापूस ठेवला तर तो मी उचलून फेकीन. आणि पाणी सांडलं, असं आता कुणालाही सांगणार नाही.