पुढचं कोण बघणार

वीस वर्षं वारलूने जंगलातून सागाचे ओंडके बैलगाडीने डेपोत आणले, आणि निम्मी वाट तो मागे तोंड करून बसलेला असायचा. हसू नका, यात आळस नव्हता. ओंडका सरकला तर घात व्हायचा, म्हणून त्याची नजर मालावर. पुढचं बांड्या आणि मोऱ्या बघायचे. वाटेत माणूस आला की ते बैल आपसूक थांबायचे.

मग ठेकेदाराने ट्रक आणला. चांद्याला आरटीओत परीक्षा देऊन लायसन मिळवलंस तर ड्रायव्हर तू, नाहीतर दुसरा, असं त्याने सांगून टाकलं. डेपोतला जुना ड्रायव्हर मुखरू वारलूला शिकवू लागला. क्लच, गिअर, ब्रेक महिन्याभरात जमले. मान मात्र ऐकेना. मागे जरा खडखडलं की ती वळायची.

एका सकाळी ती अशीच वळली. मुखरूने झडप घालून स्टिअरिंग फिरवलं म्हणून रस्त्यावर आलेली गावातली म्हातारी सुकरी वाचली. तिची मोहफुलांची टोपली चाकाखाली गेली. वारलू धावत तिच्याजवळ गेला, तर ती रस्त्याकडेला बसून चिरडलेली फुलं वेचत होती.

"तुये बैल असते तं थांबले असते रे," ती एवढंच म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

चार दिवस त्याने ट्रकला हात लावला नाही. शेवटी बायको गुणाबाई म्हणाली, "भेव वाटते ना? मंग तुमीच चालवा. ज्याले भेव नाई, त्याच्या हाती गाडी काऊन द्याची?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मुखरूसोबत शिकायला बसला. परीक्षेच्या सकाळी शेजारी परीक्षा घेणारे साहेब बसले. चांद्याबाहेर ट्रक नीट चालला होता. मागे साखळी खणखणली, पण वारलूची मान हलली नाही. तेवढ्यात रस्त्याच्या काठाला, मोहाच्या झाडाखाली, भरलेली टोपली दिसली. जवळ कोणीच नव्हतं. वारलूने ब्रेक दाबला.

"रस्ता मोकळा आहे. का थांबलास?" साहेब चिडले.

"टोपली हाये साहेब. टोपली टाकून बाई दूर जात नाई."

साहेबांनी पेन काढलं. लायसन गेलंच, असं वारलूला वाटलं. तोच पलीकडच्या झुडपातून, पाठीला लेकरू बांधलेली एक बाई ओंजळीतली फुलं सांभाळत टोपलीकडे निघाली. ट्रकसमोरून गेली, पण तिने मान वर केली नाही. साहेबांनी ती टोपलीपर्यंत पोचेस्तोवर पाहिलं. मग त्यांनी पास म्हणून सही केली.

घरी पोचल्यावर वारलू आधी गोठ्यात गेला. बांड्याच्या गळ्याखाली खाजवताना त्याचे डोळे भरून आले.

"एवढे दिवस तुमी पाह्यलं," तो म्हणाला, "आता मलेच पाहा लागन."